ग्यानोबामामा पुण्यात खोली बघतात

हदगाव तालुक्यात ग्यानोबामामांना सख्ख्या भाच्यांपेक्षा जमवलेले भाचे जास्त. कारण मामांचा उद्योग सोयरिकी जमवायचा. उद्योग म्हणजे धंदा नव्हे हां, आधीच सांगून ठेवतो. तीस वर्षांत मामांनी दोनशेच्या वर लग्नं जुळवली आणि घेतलं काय, तर टॉवेल-टोपी आणि पहिल्या पंगतीचं ताट. पोटापाण्याला आठ एकर रान होतं, सोयाबीन आणि कापूस बरा पिकायचा. मामांना हौस एकच, की "हे ग्यानोबानं जमवलेलं हाय" असं लोकांनी चारचौघांत म्हणावं.

त्यांची घर बघायची रीत निराळी. निरोप पाठवून ते कुणाच्या दारात कधी गेले नाहीत. "निरोप दिला की माणूस भिंतीला चुना लावून ठिवतंय," असं ते म्हणायचे. ऐन कामाच्या दिवशी एस्टीतून उतरायचं, न्हाव्याच्या दुकानात बसून दाढी करून घ्यायची आणि दाढी होईस्तोवर पोराच्या घराण्याची सगळी खबर काढायची. मग घरी जायचं ते थेट गोठ्यात. जनावरापुढं वैरण आहे का, हौदात पाणी आहे का, ते बघायचं. मुक्या जनावराला जे घर उपाशी ठेवत नाही ते सुनेलाही ठेवणार नाही, हा त्यांचा साधा हिशेब. शेवटी ओसरीवर टेकून तांब्याभर पाणी मागायचं आणि पाणी घेऊन येणाऱ्या बाईचं तोंड बघायचं. उमरीकडचा एक बंगलेवाला गायींच्या बरगड्या दिसल्या म्हणून मामांनी चहाही न घेता सोडला होता. पुढं त्या घरात दुसऱ्या कुणी दिलेली पोरगी सहा महिन्यांत माहेरी परत आली, तेव्हापासून मामांच्या शब्दाला तालुक्यात वजन आलं.

तर अशा या मामांच्या एकुलत्या एका पोरीला, दीपमालाला, पुण्यात नोकरी लागली. नांदेडला फार्मसी शिकलेली पोर, आता बाणेरच्या प्रयोगशाळेत औषधं तपासणार. मामांनी गावभर पेढे वाटले, एस्टी स्टँडवर अनोळखी माणसाला धरून वाटले. "कशाचे हो पेढे?" म्हणून विचारलं की मामा छाती फुगवून सांगायचे, "पोरगी औषधं पास-नापास करणार हाय. तिनं सही केल्याबिगर गोळी दुकानात येत नसती!" दीपमालाचं तर जमिनीवर पाऊलच नव्हतं. बॅग चारदा भरून झाली, चारदा उपसून झाली.

घरात एकटी केवळाबाई शांत होती. निघायच्या आदल्या दिवशी तिनं नवऱ्याला चुलीपाशी बसवलं आणि म्हणाली, "तुमी लोकाच्या दोनशे पोरी बघून-सवरून दिल्या. आता सवताची हाय. ऱ्हायला चांगली माणसं भेटली तर ऱ्हाऊ द्या. न्हाई तर पोरगी तुमच्यासंगं माघारी आली पायजे. नांदेडात मेडिकलच्या दुकानात लागंल. शब्द द्या."

मामांनी शब्द दिला. दाराआड उभ्या असलेल्या दीपमालानं ते ऐकलं. बापाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, आणि बापाच्या पसंतीला दहातलं एक घर उतरायचं. शुक्रवारी पुण्यात पोचायचं, सोमवारी सकाळी हजर व्हायचं. मध्ये तीन दिवस. तेवढ्यात पुण्यानं तिच्या बापाच्या परीक्षेत पास व्हायचं होतं.

पुण्यात ते उतरले उज्वलाकडे, वाकडला. उज्वला ही मामांच्या चुलत बहिणीची पोर. बारा वर्षांपूर्वी लातूरचं घर मामांनीच तिला बघून दिलेलं. जावई चांगला निघाला, पुण्यात स्थिरावला, आता कंपनीच्या कामाला बाहेरगावी होता. उज्वलानं गरम भाकरी, ठेचा वाढला आणि मोबाईलवर एजंटानं पाठवलेले फोटो दाखवले. बाणेरला नवव्या मजल्यावर मालकांच्याच घरातली एक खोली, स्वतंत्र गॅलरी, प्रयोगशाळा पायी दहा मिनिटांवर. भाडं दीपमालाचा निम्मा पगार खाणारं.

"नाकापेक्षा मोती जड झाला की हा," मामा म्हणाले.

"बाबा, पण गॅलरी बघा ना! गॅलरीतून डोंगर दिसून राहिला!" दीपमाला फोटो बोटांनी मोठा करून करून दाखवत होती. "उद्या अकराला बोलवलंय त्यांनी."

"उद्या? मग आजच जायचं," मामा हात धुऊन उठलेच.

आता हदगावात हे ठीक आहे हो. पुण्यात नवव्या मजल्यावर न सांगता जायचं म्हणजे? पण मामांना कोण सांगणार. दुपारी चारला बापलेक त्या इमारतीच्या फाटकात उभे राहिले. वॉचमननं अडवलं.

"कुणाकडं जायचंय?"

"नवव्या माळ्यावर. खोली बघाया."

"त्यांना माहीत हाय का तुमी येणार म्हणून?"

"त्यांना माहीत असतं तर आज आलो असतो कशाला?"

वॉचमननं टोपी मागे सारून मामांकडे नीट बघितलं. "मामा, कुठले म्हणायचे तुमी?"

"हदगाव."

"मी निलंग्याकडचा. गुरुपादप्पा. बसा. वरून मोबाईलवर हो आल्याबिगर हे फाटक उघडत न्हाई, पण माझी खोली माझीच हाय."

मामा त्या पत्र्याच्या टीचभर खोलीत बसले आणि सवयीनं त्यांची नजर फिरली. खुर्चीचा एक पाय सुतळीनं बांधलेला. पंखा नाही. पाण्याचा कॅन गुरुपादप्पानं घरून आणलेला.

"वरून पाणी देत न्हाईत व्हय रे?"

"देतात की. पर मागावं लागतंय."

मामांनी बाहेर बघितलं. खाली गाड्या चकचकीत पुसलेल्या होत्या, फाटकावर झाडांना पाणी सोडलेलं होतं, आणि या माणसाच्या डोक्यावर पंखा नव्हता. हदगावच्या कुठल्याही घराबद्दल मामांनी एवढ्यावरच निकाल लावला असता. पण दीपमाला मान वर करून मजले मोजत होती, आठ, नऊ, आणि नवव्यावर बोट धरून हसत होती. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागं, असं मामांच्या तोंडावर आलं आणि पोरीचं हसू बघून त्यांनी ते गिळलं.

निघताना त्यांनी गुरुपादप्पाला बाजूला घेतलं. "खरं सांग. तुझी पोरगी असती तर कुठं ठिवली असती?"

गुरुपादप्पा जरा घुटमळला. "माझा मेव्हणा गुंडप्पा पाषाणला वॉचमन हाय. तिथं तीन पोरी मिळून राहतेत, त्यातली एक लग्न होऊन चालली. बिल्डिंग जुनी हाय, लिफ्ट न्हाई. पर गुंडप्पा त्या पोरींचं लई नाव काढतंय." त्यानं नंबर लिहून दिला. मामांनी चिठ्ठी टोपीत ठेवली.

शनिवारी अकराला मात्र मोबाईलवर हो आलं आणि फाटक उघडलं. लिफ्टमध्ये मामांचे कान बंद झाले, तरी गडी खूश. आणि खोली? अहो, खोली फोटोपेक्षा सरस निघाली! मामांनी न्हाणीघरात नळ फिरवला तर बटण न दाबता गरम पाणी. गॅलरीत गेले तर समोर हिरवी टेकडी आणि असा वारा, की टोपी एका हातानं धरावी लागली. "दीपे, अगं इथनं हदगाव दिसतंय का बघ!" ते ओरडले. दीपमाला टाळ्या पिटत होती. त्या पाच मिनिटांत मामा सुतळी विसरले, पंखा विसरले, आपली तीस वर्षांची रीत विसरले. माणूसच आहे.

मग मालकीणबाईंनी त्यांना दिवाणखान्यात बोलावलं. मऊ सोफा, समोर त्या, बाजूला मोबाईलात बघणारे मालक. पाणी काही आलं नाही. प्रश्न आले.

"मुलगी रात्री किती वाजेपर्यंत घरी येणार?"

"आठ वाजता," दीपमाला म्हणाली.

"कधी नऊ होणार नाहीत ना? मित्रबित्र येणार नाहीत? फोनवर मोठ्यानं बोलायची सवय आहे का? स्वयंपाक येतो? अंडीसुद्धा चालणार नाहीत हं आमच्याकडे. आणि गावाकडची माणसं उतरायला येत राहणार का? तसं स्पष्ट सांगा. आणि तुम्ही म्हणजे... नेमके कोण? आडनावावरून कळत नाही म्हणून विचारते. राग मानू नका."

"नाही काकू. येणार नाही काकू. चालेल काकू," दीपमाला भराभर उत्तरं देत होती.

"जरा उभी राहतेस का? उंची बघते. त्या खोलीतलं कपाट उंच आहे, स्टूल घेऊन चढलीस की फरशीला चरे पडतात."

दीपमाला उभी राहिली. मामांनी बघितलं, पोरीची मान खाली गेलेली आणि पायाचा अंगठा फरशीवर फिरतोय. कांदेपोह्याच्या बशा फिरवताना पोरींनी असंच उभं राहायचं असतं, हे त्यांनी स्वतःच कितीतरी बापांना सांगितलं होतं. नजर वर नको, उत्तर आखूड, मान खाली. दोनशे पोरी अशा त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या होत्या आणि ते दर वेळी पोराच्या बाजूनं, अशाच मऊ गादीवर, चहाचा कप घेऊन बसलेले होते. आज पहिल्यांदा ते दुसऱ्या अंगाला बसले होते. मामांच्या कानशिलात गरम झालं.

ते उठलेच. "राम राम बाई. आमाला जमायचं न्हाई."

"अहो, पण मुलगी आम्हाला आवडली आहे!"

"ते खरं हाय. आमाला तुमी आवडला न्हाईत," मामा म्हणाले आणि पोरीचा हात धरून निघाले.

लिफ्टमध्ये दीपमाला दाराकडे तोंड करून उभी राहिली. खाली उतरल्यावर मात्र तिचा बांध फुटला. "मी दिली असती ना उत्तरं! देऊन राहिले होते ना! तुमचं नाक मोठं झालं आन माझी नोकरी गेली. परवा मला हजर व्हायचंय बाबा. आता काय, मेडिकलच्या दुकानात बसू जन्मभर?" ती रस्त्यावर रडत होती. मामांनी रिक्षा थांबवली. रिक्षात ते तिच्याकडे न बघता टोपी हातात फिरवत राहिले.

घरी उज्वलानं सगळं ऐकून घेतलं. दीपमालाला पाणी दिलं, तोंड धुवायला लावलं आणि मग मामांसमोर बसली. ती हसत होती, पण हसू सरळ नव्हतं.

"लई राग आला व्हय मामा?"

"येणार न्हाई तर काय! पोरीला उभी कर म्हणती. जनावराचा बाजार हाय का?"

"लातूरला मला चालून दाखवाया लावलं होतं. ओल्या पायानं, फरशीवर. वेणी सोडून केस मोजले. पेपर वाचून घेतला, डोळे चांगले हायत का म्हणून. मी तुमच्याकडं बघितलं. तुमी काय म्हणालात, आठवतंय का?"

मामांना आठवत नव्हतं. बारा वर्षांत त्यांना ते आठवायची गरजच पडली नव्हती.

"तुमी म्हणालात, इचारू दे की पोरी. इचारल्यानं अंगाला भोकं पडत न्हाईत."

मामांनी मान खाली घातली. उज्वलाच पुन्हा म्हणाली, "नवरा सोन्यासारखा दिलात, ते उपकार मी विसरायची न्हाई. पर भोकं पडतेत मामा. ती बुजली का न्हाई, ते बघाया तुमी परत आला न्हाईत." आणि ती भाकऱ्या टाकायला आत गेली.

मामांनी त्या दिवशी दुपारची झोप घेतली नाही. गॅलरीत बसून राहिले. तालुक्यात ज्याचा शब्द खाली पडत नव्हता त्या माणसाकडे भाचीला द्यायला एक शब्द नव्हता. संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "उज्वला, चुकलं माझं." उज्वला म्हणाली, "ताट वाढलंय, बसा." पण तिनं भाकरीवर तुपाची धार जरा जास्तच सोडली.

जेवताना मामांनी टोपीतली चिठ्ठी काढून दीपमालापुढं ठेवली. "पाषाणला एक जागा हाय. तूच फोन लाव."

"तुमीच लावा ना. तुमालाच पसंत पडायला पायजे," ती अजून फुरंगटलेली.

"लाव म्हणतो ना."

रविवारी सकाळी ते पाषाणला पोचले. चार मजल्यांची जुनी इमारत, भिंतींचा रंग उडालेला, दारात गुलमोहर. दीपमालाचं तोंड उतरलं. गुंडप्पानं उठून स्वागत केलं. त्याच्या खोलीत पंखा गरगरत होता आणि खुर्चीवर उशी होती. मामांनी ते बघितलं आणि जीभ चावली.

"चला बाबा," दीपमाला जिन्यापाशी थांबली.

"तू जा. मी इथं बसतो गुंडप्पापाशी."

"तुमी न्हाई येत? मग बघणार कोण?"

"ऱ्हायचं कुणाला हाय?" मामा म्हणाले.

दीपमालानं बापाकडे असं बघितलं, की हा माणूस कोण म्हणून. मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती जिन्याकडे न जाता वळली आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या टपरीकडे चालू लागली. तिथं पाच मिनिटं ती त्या माणसाशी बोलत उभी होती. लांबून मामांना ऐकू काही येईना, पण इस्त्रीवाला हातवारे करून काही सांगत होता आणि पोरगी माना डोलवत होती. मामांना असा उकळ्या फुटणारा आनंद झाला, की त्यांनी गुंडप्पाच्या पाठीत धपाटाच घातला. "बघितलं का! माझी हाय ती!"

मग ती वर गेली. आणि मामांचे हाल सुरू झाले.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. मामा खुर्चीतून उठले, बसले. पहिल्या मजल्याच्या वळणापर्यंत जाऊन परत आले. "चहा घ्या मामा," गुंडप्पा म्हणाला, "वरूनच आलाय. रोज येतोय, थर्मास भरून." मामांनी कप तोंडाला लावला आणि चव न घेता संपवला. तीस वर्षांत त्यांनी कुठल्या घराच्या बाहेर बसून निकालाची वाट पाहिली नव्हती. अर्धा तास झाला. हात नुसते शिवशिवत होते. वर जाऊन चार प्रश्न विचारले तर सगळा उलगडा होईल, असं त्यांना दर मिनिटाला वाटत होतं, आणि दर मिनिटाला ते गुडघे दाबून बसत होते.

तिसऱ्या मजल्यावरून एका पोरीनं डोकं बाहेर काढलं. "मामू! वर या हो! तुमची पोरगी तपासणी करून राहिली का दरोडा घालून राहिली, कळंना!"

ती कशिश. नांदेडची, देगलूर नाक्याची, इथं दवाखान्यात फिजिओथेरपी करणारी. दुसरी पोरगी सुट्टीला गावी गेलेली. आपल्याकडची बोली ऐकून मामा दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. दारातच कशिशनं पाण्याचा तांब्या पुढं केला, न मागता.

"मामू, काय सांगू! आधी पाणी मागितलं. मग किचनचे डबे उघडून बघितले. मग म्हणती, तुम्ही आजारी पडल्या की एकमेकीला दवाखान्यात कोण नेतं? टँकर कधी येतो? उशीर झाला तर दार कोण उघडतं? माझ्या निकाहला पण एवढी चौकशी होणार न्हाई!" कशिश खो खो हसत होती. "मी पण सांगून टाकलं, आमची भांडी एकच हायत, बिर्याणी होती, वेगळं काही ठिवायला जागा न्हाई. जमलं तर बघ."

"मग?" मामांनी विचारलं.

"म्हणती, बिर्याणीत बटाटा घालता का? हाव म्हणलं, तर तोंड वाकडं केलं. त्यावरनं आमचं भांडण झालं."

खोली लहान होती. गॅलरीतून टेकडी नाही, गुलमोहराची फांदी दिसत होती. न्हाणीघराच्या दाराची कडी ढिली होती. मामांनी सगळं बघितलं आणि तोंड मिटून घेतलं. दीपमाला खोलीच्या मधोमध उभी होती. मान वर, हात कमरेवर, गाल तापलेले.

"मला पसंत हाय, बाबा," ती म्हणाली.

मामांनी टोपी काढून हातात घेतली. किती बैठका, किती चहा, किती सुपाऱ्या फुटल्या. "पसंत हाय" हे त्यांनी पोराच्या बापाकडून ऐकलं, आजाकडून, काकाकडून, मामाकडून ऐकलं. पोरीच्या तोंडून आज पहिल्यांदा. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी टोपीनं पुसलं आणि कशिशला म्हणाले, "बटाट्याचं मिटवा बाई तेवढं."

मग गॅलरीत जाऊन त्यांनी घरी फोन लावला.

"काय झालं? भेटली का जागा?" केवळाबाईनं पहिल्याच घंटीला फोन उचलला होता. सकाळपासून फोन हातातच असणार.

"भेटली! पोरीला पसंत हाय!" मामा एवढ्या मोठ्यानं ओरडले, की खाली गुंडप्पानं वर बघितलं.

"आन तुमाला?"

"मला? मला कुणी इचारलंच न्हाई!" मामा हसत सुटले.

पलीकडे हसू नव्हतं. नुसता शेजारच्या गिरणीचा आवाज येत होता. मग केवळाबाई म्हणाली, "मला तरी कुठं कुणी इचारलं व्हतं."

मामांचं हसू थांबलं. एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिनं कधी उच्चारलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. आत दोघी पोरी फांदीवरून, कडीवरून, कपाटाच्या खणावरून एकदम बोलत होत्या. मामांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"केवळा," ते हळू आवाजात म्हणाले, "मग आज इचारतो. व्हतो का गं मी पसंत?"

"हे काय फोनवर इचारायचं हाय व्हय?" केवळाबाई म्हणाली. आता मात्र ती हसत होती. "घरी या. सांगते."

मामांचं परतीचं तिकीट मंगळवारचं होतं. त्यांनी गुंडप्पाला हाक मारली, जिना धडाधड उतरले आणि त्याच्या मोबाईलवरून तिकीट बदलून त्याच संध्याकाळची नांदेडची गाडी धरली.